एका कपात दोघं

परवा फोनवर धाकटी नात म्हणाली, "आजी, मी बाहेरची कॉफी बंद केली. पैसे वाचतात, पण मैत्रिणी हसतात. म्हणतात, इतकं काय अडलंय तुझं?" मी तेव्हा एवढंच म्हणाले, की हसू देत. फोन ठेवल्यावर मात्र ते उत्तर मलाच अपुरं वाटलं. हसणाऱ्यांशी माझी ओळख जुनी आहे. तुम्हा भावंडांना ती कळावी म्हणून हे लिहिते. क्रमाने लिहिते, म्हणजे तिकडे इतक्या लांब बसून वाचताना तुम्ही अडणार नाही.

माझं लग्न झालं तेव्हा मी औरंगाबादच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते. सासर जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या बाजाराला जाणाऱ्या एका लहान गावात होतं. तुमचे आजोबा शेजारच्या गावी शाळेत मास्तर, सायकलने जाऊन-येऊन करायचे. मला नोकरीची ऑर्डर यायची होती आणि ती काही येत नव्हती. घरात सासरे, सासूबाई आणि माझी नणंद, म्हणजे तुमची आत्याआजी. सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. बहात्तरचा दुष्काळ मागे पडला होता, महागाई मागे पडली नव्हती. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, साखर थोडी मिळायची आणि बाहेरची साखर घेताना हात मागे यायचा.

त्या उन्हाळ्यात नणंद मॅट्रिक पास झाली. आमच्या बौद्ध वस्तीतली ती मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. तिला औरंगाबादला कॉलेजात जायचं होतं. फी माफ होती, स्कॉलरशिपही मंजूर होणार होती. पण स्कॉलरशिप हातात यायची वर्ष सरताना, आणि खानावळीचे पैसे भरायचे दर महिन्याला. घर चालायचं तुमच्या आजोबांच्या पगारावर, आणि महिना संपायच्या आधी पगार संपायचा.

मामा म्हणाले, "पुढच्या साली बघू."

मुलीच्या बाबतीत 'पुढच्या साली' या शब्दांचा अर्थ मी चांगला ओळखत होते. कुंभार पिंपळगावकडचं एक स्थळ विचारून गेलं होतं. पुढच्या साली ही मुलगी कॉलेजात नाही, तिथल्या एखाद्या चुलीपुढे दिसली असती.

मी म्हणाले, "मामा, खानावळीचे पैसे मी घरातून काढून देते. तिला जाऊ द्या."

"घरातून? घरात काय पुरून ठिवलंय व्हय?"

"आहे त्याच खर्चातून काढते."

मामा मोठ्याने हसले. "ऐकलं का? सूनबाई चुलीतून नोटा काढून राह्यल्या!"

आत्याबाई कोपऱ्यात मिश्री लावत बसल्या होत्या. तोंडातलं बोट न काढताच म्हणाल्या, "काढू द्या की. तुमचं काय जातं? पण पोरी, माझ्या मिश्रीला हात लावला तर तिथंच भांडण, आधीच सांगून ठिवते."

मामा हसायचे थांबले. "बराबर. दिवाळीपर्यंत काढून दाव. एक महिना जरी खानावळ चुकली, तर पोरगी घरी. मंग त्या पाहुण्यांना मी हो म्हननार. तवा तू बिलकुल आडवं यायचं न्हाई."

"नाही येणार."

नणंद दाराआड उभी होती. नंतर विहिरीवर पाणी शेंदताना तिने हळूच विचारलं, "वहिनी, जमंल का हो?"

"जमवायचं," मी म्हणाले.

नणंद औरंगाबादला गेली आणि मी घराकडे नव्या नजरेने पाहायला लागले. मोठा खर्च आमच्या घरात नव्हताच. जात होतं ते चिमूटचिमूट जात होतं, आणि सवयीने जात होतं. स्वयंपाक दिवेलागणीनंतर व्हायचा, कारण तो तेव्हाच व्हायचा. मी चूल दिवस असतानाच पेटवायला लागले. भाकरी उजेडात भाजून, उजेडातच जेवून घेतलं, की एकच चिमणी पुरायची आणि घासलेटची बाटली महिनाभर चालायची. तुमचे आजोबा पहिल्या दिवशी सायकलवरून उतरले आणि ताट वाढलेलं पाहून म्हणाले, "एवढ्या लवकर? कुठं गावाला निघायचंय का?" भाकऱ्या झाल्यावर चुलीतली कापसाची पऱ्हाटी मी बाहेर ओढून विझवायची आणि उरलेल्या निखाऱ्यावर पाण्याचं भगुणं ठेवायची. साबणाची वडी दोऱ्याने कापून माळ्यावर वाळवली. वाळलेला तुकडा झिजता झिजत नाही. काडेपेटी जपली. सकाळी शेजारणीकडून गोवरीवर विस्तव आणायचा, दुसऱ्या दिवशी तिने आमच्याकडून न्यायचा.

बाजाराला मी भर दुपारी जायचं सोडलं. बाजार उठायला आला की जायची. तेव्हा माळणींना टोपली रिकामी करून घरी जायची घाई असते. शेजारीण मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "बघा गं बायांनो, मास्तरीणबाई आल्या. आता माळणीचा पालाबी उरायचा न्हाई." मी म्हणायची, "पाला राहिला असेल तर तोही घाला, शेळीला होईल." ती हसायची. दोन-तीन बाजार गेल्यावर तीही उठत्या बाजाराला दिसायला लागली. वर मलाच म्हणाली, "काय करावं, मला आज उशीरच झाला."

तेल, मीठ, डाळ गावातल्या दुकानातून रोज पुडी-पुडीने यायचं. पुडीमध्ये कागदाचेही पैसे आपणच देतो. मी वस्तीतल्या चार बायकांना गाठलं आणि एस.टी.ने जुन्या जालन्यात जाऊन ठोक दुकानातून एकदम माल आणला. अंगणात सुपं मांडून तो वाटून घेतला. गावातला दुकानदार तुमच्या आजोबांना रस्त्यात अडवून म्हणाला, "गुरुजी, तुमच्या मंडळी आता दुकान टाकून राह्यल्या का?" आजोबांनी घरी येऊन मला तसंच सांगितलं आणि पुढे म्हणाले, "माझं नाव मधे घेऊ नका. तू आणि बाबा काय ते बघून घ्या."

एवढं करून पहिल्या महिन्याची खानावळ भरली. ओढून-ताणून भरली. दुसऱ्या महिन्याचं दिसेना. घासलेट कमी झालं होतं, साबण कमी झाला होता. साखर मात्र पहिल्यासारखीच संपत होती. आणि ती का संपते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं, इतकंच.

आमच्या घरी माणसं फार यायची. विहिरीवर विजेचा पंप बसवायची तेव्हा सगळ्यांना घाई होती, आणि विजेच्या कचेरीत इंग्रजी अर्ज लवकर हलतो असा गावाचा पक्का समज होता. इंग्रजी लिहिणारी गावात मी एकटी. त्यामुळे वरच्या आळीतले मोठे शेतकरीही आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. अर्ज मी फुकट लिहून द्यायची आणि मामा आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारायचे, "सूनबाई, चहा!" येईल त्याला चहा, आणि बसणाऱ्या प्रत्येकाबरोबर मामांना चहा. साखर सढळ हाताने, कारण अगोड चहा दिला असं कोणी म्हणता कामा नये.

एका सकाळी मी सांगितलं, "मामा, आजपासून चहा बंद. आपलाही आणि आलेल्यांचाही. आलेल्याला गूळ-पाणी देईन."

मामा खाटेवरून उठून उभे राहिले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी लग्नाआधीपासून ऐकत आले होते, कारण आमच्याकडच्या प्रत्येक घरात ते कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला आलेलंच होतं. पण तुम्ही ते ऐकलेलं नाही, म्हणून लिहिते. मामांच्या तरुणपणी एस.टी.च्या थांब्याजवळ एक हॉटेल होतं. तिथे आपल्या माणसांसाठी एक कानतुटका कप बाहेर लिंबाच्या खोडाला खिळ्यावर अडकवलेला असायचा. तो आपणच काढायचा, धुवायचा, खाली धरायचा. वरून चहा ओतणार. लांब उभं राहून एकट्याने प्यायचा, परत धुवायचा आणि खिळ्याला अडकवायचा. पैसे मात्र आत बसणाऱ्याइतकेच. छप्पन्न साली धर्म बदलला, त्यानंतर एके दिवशी मामांनी तो कप हॉटेलासमोरच दगडावर आपटून फोडला आणि जालन्याहून निळ्या काठाच्या कपबश्या घेऊन आले. तेव्हापासून त्यांचा नियम होता, की या घरातून बिनचहाचं कोणी जायचं नाही.

"आन् तू म्हनती चहा बंद?" मामा म्हणाले. "ह्या दारात चहाला ज्यांची सावली येत नव्हती ती मानसं आज बसून पिऊन राह्यली. ह्यो मान हाय. तुला शिकून येवढं कळत न्हाई?"

"कळतं म्हणूनच बोलते," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि तो मी खाली आणला नाही. "आधी ते आपल्याला चहा देत नव्हते. आता आपला चहा पितात आणि गावभर सांगतात, की मी त्यांच्या घरी चहा पितो. जसं काही आपल्यावर उपकार केला. मामा, त्यांच्या मोठेपणाला साखर आपण का घालायची? आणि ती साखर कोणाच्या तोंडची जाते? तुमच्या मुलीच्या. ती तिकडे खानावळीच्या दारात उभी आहे."

मामा परत खाटेवर बसले. मग म्हणाले, "तुझं इंग्रजी लई तिखट हाय."

"मी मराठीतच बोलले."

आत्याबाईंनी पदर तोंडावर घेतला. हसू लपवायला की काय, ते मला दिसलं नाही.

"बरं," मामा म्हणाले. "मी सोडतो चहा. तू सोड, ही सोडंल, मास्तर सोडंल. घरात कुनी प्यायचा न्हाई. पन आलेल्याला चहा मिळनार. त्यात मी ऐकनार न्हाई."

मी ते मान्य केलं. निम्मं तर निम्मं.

पुढचे काही दिवस घरात कोणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. आत्याबाई कपाळाला फडकं आवळून फिरायच्या आणि जाता-येता ऐकवायच्या, "कॉलिजात पोरगी जाऊन राह्यली आन् डोस्कं माझं फुटून राह्यलं." तुमचे आजोबा शाळेत तरी पीत असतील अशी मला शंका होती. मी विचारलं नाही.

मग एक दिवस वरच्या आळीतले एक मोठे जमीनदार पंपाच्या अर्जाचं काम घेऊन आले. त्यांना मी इथे मालक म्हणते, कारण मामा पूर्वी त्यांना तसंच म्हणायचे आणि ते आता म्हणत नाहीत हे मालकांना खटकायचं. मी त्यांचा चहा ओसरीवर पाठवला आणि आत अर्ज लिहायला बसले. दारातून सगळं ऐकू येत होतं.

"म्हातारबा, तुम्ही न्हाई घेत?"

"आम्ही सोडला."

"सोडला? का परवडंना झाला?" मालक हसले आणि आरामात फुर्र फुर्र करत एकटे पीत बसले. मामा समोर रिकाम्या हाताने बसून होते.

ते गेल्यावर मामा चुलीजवळ येऊन टेकले. एरवी ते कधी स्वयंपाकघरात यायचे नाहीत. म्हणाले, "सूनबाई, ह्ये न्हाई जमायचं. एक पितो आन् एक बघतो. लिंबाखाली मी प्यायचो तवा आतले असेच बघायचे. तवा मी पीत व्हतो, आता मी बघून राह्यलो. दोन्हीबी वंगाळ."

मला वाटलं, संपलं. पुन्हा पहिल्यासारखा चहा सुरू होणार. मी म्हणाले, "बंद केलेला चहा मी परत सुरू करणार नाही, मामा."

"कर म्हनून कोन म्हनतंय? एकच कप कर. एकात दोघं."

तुम्हाला यातली गोष्ट लगेच उमगणार नाही. आमच्याकडे हॉटेलात दोस्त बसले की ओरडतात, "एक में दो!" म्हणजे चहा एक आणणार, त्यातला अर्धा बशीत ओतायचा. कप एकाने घ्यायचा, बशी दुसऱ्याने. हे भाऊ-भाऊ करतात, जिवाचे दोस्त करतात. पाहुण्याला भरलेला कप घेऊनही देणाऱ्यापासून लांब राहता येतं. कपबशी वाटून घेणाऱ्याला लांब राहता येत नाही. आमचा चहा पिणारे गावात पुष्कळ होते. आमच्याशी वाटून पिणारा अजून कोणी झाला नव्हता.

मी मामांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अगदी साधा होता. पण डोळे तेच असणार, ज्या डोळ्यांनी त्यांनी दगडावर कप आपटला होता.

मालक पुन्हा आले, अर्ज न्यायला. मामांनी हाक मारली, "सूनबाई, एक चहा! एकच!" मी नेऊन ठेवला आणि या वेळी आत गेले नाही. दाराला टेकून उभी राहिले. मामांनी निवांतपणे अर्धा चहा बशीत ओतला, बशी आपल्याकडे ओढली आणि कप पुढे सरकवला.

"घ्या."

मालकांनी कपाकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं. "ह्ये काय?"

"एक में दो. महागाई हाय. परवडंना झाला म्हनले ना तुम्ही? खरंच परवडंना."

"न्हाई... आज माझा उपास हाय."

"उपासाला चहा चालतो की."

"म्हंजे... पोट बरं न्हाई."

मामा बशीतून प्यायले. सावकाश, आवाज करून. कपातल्या चहावर साय धरली तसा त्यांनी तोही उचलला आणि पिऊन टाकला. "सूनबाई, वाया न्हाई जाऊ दिला बरं का." मी अर्ज मालकांच्या हातात दिला. अर्ज नीट लिहिला होता, त्यात कसूर केली नव्हती. ते पायऱ्या उतरले तेव्हा आत्याबाई आतून म्हणाल्या, "आता वरच्या आळीला समद्यांचा उपास सुरू व्हनार."

तसंच झालं. अर्ज न्यायला माणसं यायची पण बसायची नाहीत. कोणाला बैल सोडायचे असायचे, कोणाला एस.टी. पकडायची असायची. काही थोडे बसले आणि एकात दोघं प्यायले. त्यातले काही पुढे आमच्या घरचेच झाले. गावात बोलणं झालं, नाही असं नाही. म्हातारा माजला, सून जास्त शिकली, घरात खायला नाही म्हणून ढोंग करतात. शेजारणीने मला हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. मी तिला विचारलं, "मग तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला? मला वाटतं तुमची साखर उरत असंल." उरत होती. जो प्यायला त्याच्याबरोबर अर्धीच लागत होती आणि जो प्यायला नाही त्याची सगळीच राहत होती. दुसरी खानावळ भरली. तिसरीही वेळेवर गेली.

पावसाळा सरत आला तेव्हा मालक परत आले. कचेरीने त्यांचा अर्ज आणखी कागद मागत परत पाठवला होता. ओसरीवर बसले, इकडचं तिकडचं बोलले. मामांनी हाक मारली, "सूनबाई, एकच!" कप पुढे सरकला. मालकांनी तो उचलला आणि प्यायले. त्यांचं मन बदललं का, असं तुमच्या आजोबांनी मला त्या दिवशी जेवताना विचारलं. मला काय ठाऊक? त्यांना पंपाला वीज हवी होती. आम्हाला त्यांचं मन नकोच होतं. आमच्या ओसरीवर आमच्या रीतीने त्यांनी चहा प्यायला हवा होता, तो ते प्यायले.

दिवाळीच्या सुट्टीत नणंद घरी आली. थोडी वाळली होती आणि बोलायला लागली होती. पहिल्या संध्याकाळी मामा ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "खानावळ कशी हाय गं? पोळ्या देतात का?"

"देतात. पातळ असतात."

"पैसे भरले समदे?"

"भरले. एकबी महिना चुकला न्हाई."

मी आत कणीक भिजवत होते. हात थांबला. कुंभार पिंपळगावचे पाहुणे तेव्हाही वाट पाहत होते हे मला ठाऊक होतं. मग हाक आली, "सूनबाई, एक चहा."

मी नेऊन ठेवला. मामांनी अर्धा बशीत ओतला आणि कप मुलीपुढे सरकवला. आमच्याकडे मुली-सुना ओसरीवर बसून चहा पीत नसत, आतच उभ्याने घोट घ्यायच्या. नणंद गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"तिच्याकडं काय बघती? पी. निवंल. सुट्टी सरली की तुला परत जायचं, आन् तिथं कुनी अर्धा द्यायचं न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, पुढच्या महिन्याचं बघून ठिवलंय का?"

"बघितलंय," मी म्हणाले.

तेवढ्यात समोरच्या रस्त्याने मालक चालले होते. ओसरीवर बाप-लेक एका कपात चहा पिताना पाहून त्यांची पावलं मंदावली. मामांनी बशी उचलून हाक मारली, "या की, या! पन आता एकात तिघं हाय!"

मालक हात हलवून पुढे गेले. नणंद हसता हसता कपातला चहा ओढणीवर सांडून बसली. सुट्टी संपली तशी ती पहिल्या एस.टी.ने औरंगाबादला गेली, आणि जाताना ओढणीवरचा डाग तसाच होता. मीच म्हणाले होते, एवढ्याशा डागासाठी साबण कशाला.